वरची चावी आधी

काकी, काल तुझं तेरावं झालं. भात थोडा गिजका झाला होता. शैला म्हणाली, "आई असती तर आचाऱ्याला हाकलून दिलं असतं." मी म्हटलं, "असती तर आचारी बोलावूच दिला नसता." सगळे हसले. तेराव्याला इतकं हसणं बरं दिसत नाही असं तुझा तो वेंगुर्ल्याचा भाचा म्हणाला, आणि मग तोही हसला.

पण पाणी तुझ्या नळाचं होतं. टँकर आला नाही. हे आधी सांगून टाकते, कारण ते ऐकल्याशिवाय तू बाकीचं काही ऐकून घेणार नाहीस.

तू माझी कोण, हे काल मला तीन जणांनी विचारलं. काय सांगणार? नातं नाही, शेजार नाही. मी मुलुंडची, तू टेकडीवरच्या सगळ्यात वरच्या गल्लीतली, एकशे ब्याण्णव पायऱ्यांवरची. मी म्हटलं, "मी पालिकेत वर्षभराची फेलो आहे आणि काकी माझ्या तक्रारदार." भाच्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी वसुलीला आलेय. मग शैलानेच सांगितलं, "अरे, आई दर सोमवारी जिच्याशी भांडायला जायची ना, ती ही अनघा." तेव्हा त्याला पटलं. मला पुढच्या पंक्तीत बसवलं.

तुला आठवतो का तो पहिला सोमवार? मला चांगला आठवतो, कारण त्या दिवशी मी स्वतःवर भयंकर खूश होते. बी.ए. होऊन दोन महिने झालेले, गळ्यात नवं ओळखपत्र, वॉर्ड ऑफिसच्या पाणी खात्यात एक टेबल आणि समोर तुंबलेल्या तक्रारींची यादी. आमचा इंजिनिअर साहेब म्हणाला होता, "फेलो, तेवढ्या जुन्या तक्रारी मार्गी लावा." मी धडाधड लावल्या. तुझ्या गल्लीत नवी लाइन टाकून झाली होती, नवा पितळी नळ बसला होता. मी टेकडी चढून आले, धापा टाकत नळाचा फोटो काढला, तो अपलोड केला, आणि यंत्रणेने विचारलं, 'निवारण झाले?' मी 'होय' दाबलं. एकशे ब्याण्णव पायऱ्या चढून आलेल्या माणसाला नळ सोडून बघायचं सुचलं नाही. इतकी मी हुशार.

सोमवारी तू आलीस. हिरवं नऊवारी, हातात कापडी पिशवी, पिशवीत पावत्या. माझ्या टेबलावर तक्रार बंद झाल्याची चिठ्ठी ठेवलीस आणि म्हणालीस, "फोटो नळाचो काढलंस. पाण्याचो खंय आसा?"

साहेब फाइलमध्ये तोंड घालून हसत होता, मी बघितलं. मी म्हटलं, "तुम्ही बसा ना काकी, बहुतेक सिस्टीममध्ये बंद झाली असेल." सिस्टीममध्ये! काय तोंड होतं माझं! आणि तू म्हणालीस, "तुमी-बिमी माका नको. तू म्हण. मी काय तुझी साहेबीण?" तेव्हापासून तू तूच. मी तक्रार पुन्हा उघडली. पण ती मीच बंद केली होती, हे कधी सांगितलं नाही. नऊ महिने दर सोमवारी वाटायचं, आज सांगू. आणि दर सोमवारी तू काहीतरी असं बोलायचीस की मला रागच यायचा आणि सांगायचं राहून जायचं.

रागावरून आठवलं. माझ्या आईला वाटतं मी ऑफिसात गोड वागते. तुला माहीत होतं मी कशी आहे ते. साहेबांना मी 'हो सर' म्हणायचे आणि तुझ्यावर ओरडायचे. "ॲपवर टाक ना गं तक्रार, इतक्या लांब कशाला येतेस?" तू म्हणायचीस, "ॲपार तुझा तोंड दिसता काय माका?" मी म्हणायचे, "सगळ्या गल्लीच्या सह्या आण, एकटीच्या तक्रारीला कोण विचारतो!" तू म्हणायचीस, "तू इचारतंस मां?" मग चहा मागवायचीस. मलाच मागवायला लावायचीस, माझ्याच ऑफिसात.

चहा पिता पिता तू ती गोष्ट सांगितलीस. एरवी तू गोष्टी सांगणारी नव्हेस. काका गिरणीतून सुटले, मग वॉचमनकी केली, मग गेले. त्यांच्या तेराव्याला सांगितलेला टँकर आलाच नाही. चाळीस माणसं जेवायची, घरात तांदूळ निवडून ठेवलेला, आणि भात शिजायला पाणी नाही. तू दोन हंडे घेऊन खालच्या गल्लीत उतरलीस. तिथे पाणी होतं, नेहमीच असायचं. त्या घरच्या म्हातारीने सुनेला हंडे भरायला सांगितले आणि तुला म्हणाली, "घे, पण सवय लावू नकोस." तू ते भरलेले हंडे घेऊन पायऱ्या चढलीस. मेलेल्या नवऱ्यासाठी रडायचं सोडून त्या एका वाक्यासाठी रडलीस, असं तूच सांगितलंस. आणि मग माझ्याकडे बोट रोखून म्हणालीस, "माझ्या तेराव्याक टँकर येवचो नाय. भात ह्याच नळाच्या पाण्यात शिजाक व्हयो. तेवडा कर, मगे तुझी ती फेलोशिप खरी."

मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, "तू शंभर वर्षं जगणार आहेस, तोपर्यंत मुंबई बुडाली असेल." तू हसली नाहीस. मग मलाही हसता आलं नाही.

मी कामाला लागले. माझ्या पद्धतीने. चाळीस पानांचा अहवाल लिहिला. नकाशे, रंगीत तक्ते, वरच्या भागात दाब कमी, सबब टेकडीच्या पायथ्याशी पंप बसवणे आवश्यक. साहेब खूश. तो म्हणाला, पंपाचा प्रस्ताव तो इथे यायच्याही आधीपासून वर गेलेला आहे, आता तुझा अहवाल जोडू. म्हणजे अजून काही वर्षं, हे तो बोलला नाही. तुला मी मोठ्या अभिमानाने अहवाल दाखवला. तू पानं उलटलीस, नकाशावर बोट ठेवलंस आणि विचारलंस, "ह्याच्यात दळवी खंय आसा?"

दळवीमामा म्हणजे आमचे चावीवाले. खांद्यावर माणसाएवढी लोखंडी चावी घेऊन फिरायचं, रस्त्यातली झाकणं उचलायची, आत चावी घालून व्हॉल्व फिरवायचा, म्हणजे त्या त्या गल्लीला पाणी. आपल्या टेकडीला तीन चाव्या: पायथ्याला एक, मध्ये एक, वर एक. सकाळी नऊ ते अकरा पाणी. मी म्हटलं, "काकी, दळवीमामांचा काय संबंध? दाबाचा प्रश्न आहे." तू म्हणालीस, "तो खालसून येता, म्हणान पाणी खालीच रवता. तेका वरसून येवक सांग."

मी काय म्हटलं ते आता लिहायला लाज वाटते. मी म्हटलं, "काकी, पाण्याला एक शास्त्र असतं."

"पाणी काय शाळेत जाता?" तू म्हणालीस. "तेका पयलो दरवाजो उघडो दिसता, थंय घुसता."

त्यावर आपण तीन आठवडे भांडलो. शेवटी तुझं तोंड बंद करायचं म्हणून मी दळवीमामांबरोबर फिरले. दोन सकाळी. मामा चौकीतून बसने यायचे, खालच्या स्टॉपवर उतरायचे, पायथ्याची चावी खोलायचे. मग गुडघ्यावर हात ठेवत पायऱ्या चढायचे, मधली चावी खोलायचे, तिथे टपरीवर चहा. मग वरची. तोवर पाऊण तास गेलेला, खालच्या गल्ल्यांतली पिंपं भरून वाहायला लागलेली, मोटारी घुरघुरतायत. तुझ्या नळातून नुसती हवा, फुस्स फुस्स. मी मामांना विचारलं, "खालून वर असं कोणी ठरवलं?" एकोणीस वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं. म्हणाले, "ठरवायचंय काय? स्टॉप खाली आहे ना."

बस्स. एवढंच होतं. तुझी गल्ली इतकी वर्षं तहानलेली राहिली कारण बसचा स्टॉप खाली होता. कोणी दुष्ट नव्हतं, कोणी पाणी चोरलं नव्हतं. एक गुडघे दुखणारा माणूस रोज जवळच्या चावीपासून सुरुवात करत होता. मी त्या पायरीवर बसले आणि माझ्या चाळीस पानांचं मला हसू आलं, आणि तुझी आठवण येऊन चिडचिडही झाली, कारण आता तुला येऊन सांगायला लागणार होतं की तू बरोबर होतीस.

टेकडीच्या मागच्या अंगाने एक बस वरपर्यंत जाते. ती धरायची, वर उतरायचं, वरची चावी आधी, मग मधली, मग खालची. मामा आधी कुरकुरले. तू त्यांना सांगितलंस, "अरे, उतरताना गुडगे कमी दुखतत." उतरताना जास्त दुखतात हे मला माहीत होतं, मी गप्प बसले. साहेब म्हणाला, खालच्या गल्लीने मान्य केलं तर करून बघा, माझ्या डोक्याला ताप नको.

खालच्या गल्लीची सभा मंडळाच्या खोलीत झाली. मला वाटलं होतं मी समजावेन. माझं पहिलं वाक्य संपायच्या आत वाट लागली. "आमचं पाणी काढून वर देणार? वा रे वा!" सगळ्यात मोठा आवाज कविताचा. ती त्याच घरातली सून, जिने तुझे हंडे भरले होते. आता सासू गेली, घर तिच्या हातात. मला वाटलं तू आता ते जुनं वाक्य तिच्या तोंडावर मारणार. मी तर वाटच बघत होते. तू नाही मारलंस. तू म्हणालीस, "अर्धो तास दी गो. तू देतंस म्हणान नाय, पाणी सगळ्यांचा आसा म्हणान."

कविता तुझ्याकडे वळली. तिला आठवत होतं, काकी. तिच्या चेहऱ्यावर मला ते दिसलं. मग ती म्हणाली, "अर्धा तास. एकतिसाव्या मिनिटाला मी वर येईन, सांगून ठेवते." तू म्हणालीस, "ये. चाय पिऊन जा."

जानेवारीत पहिल्यांदा मामा वरून आले. तू नळाखाली स्टीलचा ग्लास ठेवलास, हंडा नाही. मी विचारलं, ग्लास का? म्हणालीस, "हंडो ठेवलंय नि पाणी येवक नाय तर लाज वाटतली." आधी हवा आली. मग थुंकल्यासारखे दोन थेंब. मग असं आलं की ग्लास उडून गटारात गेला. गल्लीतल्या बायका ओरडायला लागल्या, कोणी थाळी वाजवली, मी तर अक्षरशः नाचले, तुझ्या ओट्यावर, ओळखपत्रासकट. तू तेवढी हात धुवत उभी. मी तक्रारीचा कागद पुढे केला, "कर सही!" आणि तू हात पदराला पुसत म्हणालीस, "जानेवारीत कोणाच्याय नळाक पाणी येता. मे म्हयन्यात येवंदे, मगे सही."

मला तुझा गळा धरावासा वाटला. खरंच सांगते.

फेलोशिपच्या सादरीकरणात मोठ्या साहेबांनी मला विचारलं, "या उपाययोजनेला खर्च किती आला?" मी म्हटलं, "खर्च नाही सर. आमच्या मामांनी बस बदलली." हॉलमध्ये हशा, मग टाळ्या. मी तुझं नाव घेतलं. पूर्ण नाव, सुमती परब, गल्लीसकट. तुला हे सोमवारी सांगितलं तेव्हा तू विचारलंस, "टाळये वाजवलेल्यांनी सही केल्यानी काय?"

मार्चमध्ये तू नवंच काढलंस. दळवीमामा एप्रिलअखेर निवृत्त होणार होते. तुझं एकच पालुपद, "तो गेलो की नवो येतलो. तो खंयसून येतलो?" मी म्हटलं, मी लेखी आदेश काढून घेते. तू म्हणालीस, "कागद चावीवाल्याक दिसता काय?" आणि स्वतः जाऊन ऑइलपेंटचा डबा आणलास, पिवळा. मामांनी झाकणांवर आकडे रंगवले. वरच्या झाकणावर १, मधल्या २, पायथ्याच्या ३. तू डबा धरून उभी होतीस आणि मामांच्या अक्षराला नावं ठेवत होतीस. पालिकेच्या झाकणावर परवानगीशिवाय रंग लावला म्हणून साहेबाने मला झापलं. मग दुसऱ्या टेकडीवरही तसेच लावायला सांगितलं.

आणि आता ते शेवटचं भांडण. मला टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

त्या सोमवारी मी तुला म्हटलं की माझी फेलोशिप जुलैत संपते, बंगळुरूला एक चांगली नोकरी आहे, मुलाखत झाली. तू चहाचा कप खाली ठेवलास. "तू वर्षान जातलंस. मगे दुसरा चेडू येतला. तेका मी परत पयल्यापासून सांगू?" मी म्हटलं, "काकी, मला पण माझं आयुष्य आहे ना यार!" 'यार' म्हटलं तुला. तू पिशवी उचललीस आणि गेलीस. चहा तसाच राहिला.

पुढच्या सोमवारी तू आली नाहीस, आणि मला बरं वाटलं. तुझ्याशी तरी खोटं कशाला बोलू? मला वाटलं, चला, आज एक दिवस शांतता. दुपारी मामांचा फोन आला.

मी अजूनही म्हणते की माझं चुकलं नव्हतं. माणसाने एकाच टेबलाला किती चिकटून राहायचं? तूही तुझं म्हणणं सोडलं नसतंस. आपण हे भांडण नीट, तासभर, दोन कप चहा घेऊन भांडायला हवं होतं. त्यातलं तुझ्या वाट्याचं अर्धं तू माझ्यावर टाकून गेलीस, आणि आता मी दोन्ही बाजूंनी बोलतेय. तुझी बाजू जिंकते, बहुतेक वेळा. नोकरीचं मी बंगळुरूला अजून कळवलेलं नाही.

तर काल. मे महिन्याचा मध्य, त्यात पाणीकपात सुरू झालेली. शैला मला आदल्या दिवशी म्हणाली, "अनघा, टँकर सांगून ठेवू का? उगाच चाळीस माणसं..." मी म्हटलं, नाही. म्हटलं खरं, आणि मग हिशेब करत बसले. मामा निवृत्त. नवा चावीवाला रुजू होऊन दोनच आठवडे झालेले, त्यातला एक आठवडा तो रजेवर, आणि टेकडीवर आलेला नाहीच, तोवर बदलीचा माणूस यायचा. तो कुठून येईल? खालून आला तर कपातीच्या दिवशी वर थेंब चढणार नाही. मी त्याला फोन लावला, बंद.

पावणेनऊला मी वरच्या स्टॉपवर जाऊन उभी राहिले. एक बस आली, त्यातून शाळेतल्या दोन शिक्षिका उतरल्या. नऊ वाजले. नऊ-पाच. गल्लीतून शैला हाताने विचारतेय, काय झालं? आचाऱ्याने तांदूळ धुवायला पाणी मागितलं, त्याला घरातल्या शेवटच्या कळशीतलं दिलं. मी मनात तुझ्याशी भांडत होते, बघ, बघ तुझा ऑइलपेंट! दुसरी बस आली. आधी दारातून लोखंडी चावीचं टोक बाहेर आलं, मग तो. किडकिडीत माणूस, घामाघूम. माझं ओळखपत्र बघून म्हणाला, "मॅडम, एक नंबर कुठाय? दळवींनी सांगितलंय, एकापासून सुरू कर, नाहीतर एक म्हातारी येऊन शिव्या घालेल."

मी त्याला झाकण दाखवलं. तो आटे मोजत चावी फिरवत होता आणि मी रस्त्यात उभी राहून रडत होते. त्याला वाटलं त्याला उशीर झाला म्हणून. सॉरी म्हणाला बिचारा.

आधी हवा आली, काकी. मग पाणी. जानेवारीसारखं उसळून नाही, पण अंगठ्याएवढी जाड धार, सरळ. आचाऱ्याचं मोठं पातेलं थेट नळाखालीच ठेवलं. तेवढ्यात पायऱ्या चढून कविता आली, कमरेवर एक हंडा, डोक्यावर एक, दोन्ही भरलेले. तिला वाटलं कपात आहे, वर पाणी येणार नाही. कोणी मागितलं नव्हतं. तिने भरत असलेलं पातेलं बघितलं आणि हंडे घेऊन तशीच उभी राहिली. शैलाने तिचे हंडे उतरवून घेतले. भातात ते ओतायची गरज पडली नाही. कविता नळावर गेली, तोंडावर पाणी मारलं आणि पंगतीला पानं मांडायला बसली. तू म्हटलं होतंस ना, चहा पिऊन जा, ती जेवून गेली.

सगळे गेल्यावर शैलाने मला तुझी पिशवी दिली. पावत्या, रबराने बांधलेल्या. सगळ्यात वर ती ऑगस्टमधली चिठ्ठी, 'तक्रार बंद'. खाली बारीक अक्षरात छापलेलं असतं, मी तोवर कधी वाचलंच नव्हतं. 'बंद करणार', आणि पुढे माझं पूर्ण नाव. शैला म्हणाली, "आईला मी तेव्हाच वाचून दाखवलं होतं. म्हणाली, पोरगी नवी आहे, शिकेल." नऊ महिने तुला माहीत होतं. नऊ महिने मी 'सिस्टीम' म्हणत होते आणि तू ऐकून घेत होतीस, आणि चहा मागवत होतीस. चुकलं माझं, काकी. मीच दाबलं होतं ते बटण.

आज सकाळी साहेब म्हणाला, तक्रारदार वारल्या, तर ती तक्रार आता बंद करून टाक. मी म्हटलं, करते, पण फोटो लागतो. काल काढलेला लावला. पातेलं भरताना घाईत काढला, हात हलला, त्यामुळे नळ काही धड दिसत नाही. पाणी दिसतंय. भरपूर.

मे महिना आहे गं. आता तरी सही कर.